धान्याची बाजू घेणाऱ्या कापडणीसबाई

ह्या गौरवग्रंथात बाकीचे सारे लेखक कृतज्ञता व्यक्त करणार, हे उघड आहे. त्यामुळे निदान एकाने तरी तक्रार नोंदवावी, असं मला वाटतं. तक्रार गंभीर स्वरूपाची आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या घरातल्या पोळीचा व्यास घटला आहे, आणि त्याला प्रा. विमलबाई कापडणीस ह्याच सर्वस्वी जबाबदार आहेत.

आमच्या घराण्यात पुरुषाने तीन पोळ्या खाव्यात असा रिवाज आहे. वडील तीन खात, आजोबाही तीनच खात असं सांगतात. मीही तीन खातो. बाईंच्या वर्गाला जाऊ लागल्यावर माझं वजन उतरलं, पण पोळ्या तीनच राहिल्या. 'बघा, एकही पोळी सोडली नाही,' असं मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. मग एकदा येवल्याला मेहुण्यांकडे जेवायला बसलो. ताटात पोळी वाढली गेली ती ताटाच्या कडेवरून खाली लोंबत होती. मी थक्क होऊन म्हटलं, "केवढी मोठी पोळी ही!"

मेहुणे म्हणाले, "मोठी कुठं दाजी? नेहमीचीच हाय. तुमच्या तिकडं काय पुऱ्या लाटत्यात का?"

घरी परतल्यावर मी रीतसर चौकशी आरंभली. आमच्या सौ. मेधा भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता कबुली दिली.

"हो, लहान झाली आहे. दर महिन्याला थोडी थोडी."

"कोणाच्या आज्ञेने?"

"बाईंच्या. त्या म्हणाल्या, तुझा नवरा पोळ्या मोजतो, कणीक मोजत नाही. त्याला मोजू दे."

ज्या स्त्रीने माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याविरुद्ध असा दीर्घकाळ कट चालवला, तिच्या अमृतमहोत्सवात मी गौरवपर लिहावं अशी अपेक्षा आहे. मी लिहितो आहे, कारण कट यशस्वी झाला. रक्तातली साखर, जी पूर्वी डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या आणत असे, ती आता फक्त माझ्याच काळजीचा विषय आहे.

संपादक मंडळाने लेखकांना क्रम आखून दिला आहे: प्रथम परिचय, मग कार्य, मग मूल्यं, मग व्यक्तिगत आठवणी. शिवाय 'एकंदर सूर आनंदी असावा' अशी सूचना आहे. मी सारं पाळणार आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, ती पोटात ठेवून मला पुढे लिहिता येणार नाही. अर्ध्या नाशिकला नीट जेवायला शिकवणाऱ्या बाई गेल्या दोनेक वर्षांत, त्यांचे यजमान अण्णा गेल्यापासून, स्वतः नीट जेवेनाशा झाल्या आहेत. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या आहेत. तुम्ही सर्वांनी ते पाहिलं असेल. कोणी बोलत नाही, कारण बाईंना जेवणाबद्दल चार शब्द सुनावण्याची छाती नाशिक जिल्ह्यात कोणाची नाही. त्याबद्दल पुढे लिहीनच. आता क्रमाने.

प्रथम परिचय. मी एका दैनिकाचा वार्ताहर. शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालं, पुढे पदवीही संस्कृतचीच, त्यामुळे नगरपालिकेच्या तुंबलेल्या गटारावरच्या बातमीतही माझ्याकडून एखादा समास पडतोच. नाशिकरोडला एक निवृत्त प्राध्यापिका दर रविवारी वजन कमी करण्याचा वर्ग घेतात, त्यावर अर्धा स्तंभ मजकूर आणा, असं संपादकांनी सांगितलं. मी जाता जाता मिसळ खाल्ली आणि यव, व्रीही, गोधूम अशी सारी प्राचीन धान्यं जिभेवर घेऊन वर्गात दाखल झालो.

वर्ग भरत होता तो एका मंगल कार्यालयाच्या भोजनगृहात. जागा बाईंच्या एका माजी विद्यार्थिनीच्या सासरच्यांची. लग्नाची तारीख नसेल त्या रविवारी वर्ग भोजनगृहात, आणि तारीख असेल तेव्हा गच्चीवर. म्हणजे खाली पुऱ्या तळल्या जात असतात, जिलबीचा वास जिन्याने वर येत असतो, आणि वर चाळीसेक माणसं वजन कमी करण्याचा विचार करत बसलेली असतात. तपश्चर्येला इतकी योग्य जागा पुराणातल्या ऋषींनाही मिळाली नसेल.

मी ओळख करून दिली आणि लगेच सुरू झालो. प्राचीनांच्या आहारात यवाचं स्थान काय होतं, गोधूम नंतर कसा प्रतिष्ठा पावला, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "छान. आज सकाळी काय खाल्लंत?"

"मिसळ."

"पाव किती?"

"पाव कोणी मोजतं का, बाई?"

"आणि वर?"

"जिलबी."

"म्हणजे यव नाही."

"नाही."

"बरं. पुढच्या रविवारी घरचा डबा घेऊन या. बातमी काय, मागाहूनही लिहिता येईल."

भोजनगृहात हशा पिकला. बातमी दुसऱ्याच दिवशी छापून आली. बातमीदार मात्र त्या वर्गातून अजून परत आलेला नाही.

बाईंचं कार्य सांगायचं तर त्यांची पद्धत सांगायला हवी. बाई मूळच्या बागलाणच्या. उमेदीची सारी वर्षं त्यांनी महिला महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हा वर्ग काढला. त्यांच्या वर्गात वजनाचा काटा आहे, पण तो कोपऱ्यात, कापडाखाली. नव्या माणसाला त्या काट्यावर उभं करत नाहीत. सगळे पंगतीत बसतात आणि आपापला डबा उघडतात. बाई पंगतीतून फिरतात, वाढप्याच्या चालीने, फक्त हातात काही नसतं. ज्याचा डबा बाईंना पटला नाही त्याच्यापुढे त्या थांबतात. एरवी त्यांची भाषा ग्रंथालयात शोभेल अशी, पण डब्यात पांढऱ्याफटक पावाला जॅम फासलेला दिसला की त्या क्षणात बागलाणात पोहोचतात. "हाई काय जेवन शे का?" असं त्यांनी म्हटलं की समोरचा निवृत्त अधिकारी असला तरी डब्याचं झाकण लावून टाकतो.

पण ज्या डब्यात भाकरी, पोळी किंवा भात मुळीच नसतो, त्याच्यापुढे त्या सर्वांत जास्त वेळ थांबतात. सध्याचा काळ धान्याला वाईट आहे. कोणालाही वजन कमी करायचं असलं की पहिला बळी पोळीचा, दुसरा भाताचा. बाईंना हे सहन होत नाही. त्यांचं म्हणणं असं, की धान्याने कोणाचं वजन वाढवलं नाही, धान्याचं सालपट काढून, मैदा करून, साखर घालून, तळून आपण त्याचं जे काही करतो त्याने वाढवलं. आणि मग शिक्षा कोणाला, तर निमूट बसलेल्या भाकरीला.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणारे दौलतराव सानप पहिल्यांदा वर्गाला आले तो रविवार मला चांगला आठवतो. आले म्हणजे पत्नीने, इंदूबाईंनी, आणले. डब्यात काकडी, पनीर आणि उकडलेली अंडी.

"बाई, ह्यांनी समदं सोडलंय," इंदूबाई म्हणाल्या. "पोळी नाय, भात नाय, भाकरी नाय. मोबाईलवर बघून."

"पण वजन उतरलं ना?" दौलतराव म्हणाले. "लय उतरलं, बाई. कंबरेला पँट ठरत नव्हती."

"वजन उतरलं आणि पारा चढला. घरात कोणी बोलायला गेलं की अंगावर येत्यात. परवा जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाले."

बाईंनी विचारलं, "दौलतराव, पाळीहून घरी आलात की काय खाता?"

उत्तर इंदूबाईंनी दिलं.

"फरसाण."

"कधीमधी खातो."

"कधीमधी? डबा मी भरते. कधीमधी रिकामा होतो व्हय तो?"

पंगत हसू दाबून बसली होती. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली सतरंजीवर दौलतरावांसमोर बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची चूक नाही. दिवसभर पोटाला आधार दिला नाही, तर ते संध्याकाळी मिळेल त्याला धरणारच. पण भाकरीने तुमचं काय घोडं मारलं होतं, की तिला काढून फरसाणाला घरात घेतलंत?"

मग त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की दौलतरावांचा विश्वास बसेना. दोन्ही वेळा ज्वारीची एकेक भाकरी, मध्यम, त्यासोबत वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, पालेभाजी भरपूर, आणि पाळीवर जाण्याआधी जेवून निघायचं. भाकरी चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोटाला कळतं की जेवण चाललं आहे. कोंड्यासकट धान्य सावकाश पचतं, भूक लवकर लागत नाही. "वजन पुढचे काही महिने हळूच उतरेल," बाईंनी बजावलं, "पण राहील. घाईने उतरलेलं वजन पाहुण्यासारखं असतं, निरोप दिला तरी दारातून परत येतं."

तसंच झालं. पुढे एकदा मी इंदूबाईंना विचारलं, की दौलतरावांचं वजन आता किती. त्या म्हणाल्या, "वजनाचं राहू द्या हो भाऊ. माणूस ताळ्यावर आला, तेवढं बास झालं."

बाईंची दुसरी शिकवण ताट वाढण्याच्या क्रमाची. ह्यावर मी त्यांच्याशी प्रदीर्घ वाद घातला आहे आणि सपशेल हरलो आहे. त्या म्हणतात, ताटात आधी भाजी, मग डाळ किंवा उसळ, मग कोशिंबीर, आणि उरलेल्या जागेत धान्य. मी म्हटलं, "बाई, आपल्या पंगतीची रीत अशी नाही. आधी भात, त्यावर वरण, त्यावर तूप. पहिला मान अन्नाचा. पिढ्यानपिढ्यांचा क्रम तुम्ही उलटा करता आहात."

"भात पाहुणा आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"घरचा आहे ना? मग घरच्या माणसाला शेवटी वाढलं तर तो रागावत नाही. आणि शेवटी वाढायचं म्हणजे उपाशी ठेवायचं असं नाही."

आजही ताट वाढताना मी भात शेवटी घेतो आणि मनातल्या मनात पूर्वजांची क्षमा मागतो. पूर्वजांना साखरेचा त्रास नव्हता. ते पंचवटीतून रामकुंडावर चालत जात. मी रस्ता ओलांडायलाही दुचाकी काढतो.

चाळण्यांचा विषय टाळून चालणार नाही. पीठ मैद्यासारखं मऊ व्हावं म्हणून घरोघरी बारीक चाळणीने चाळतात, हे बाईंना कळलं आणि त्यांनी जप्तीची मोहीम काढली. वर्गातल्या प्रत्येकीने आपली सर्वांत बारीक चाळणी आणून बाईंच्या स्वाधीन केली. आमच्या घरचीही गेली. "कोंडा गाईला घालता आणि पोट साफ होण्याची गोळी स्वतः घेता," बाई म्हणाल्या. "गाईकडून काही शिका." त्या चाळण्यांत आता बाईंच्या गच्चीवर मिरच्या आणि वड्या वाळत असतात. आपली चाळणी ओळखता यावी म्हणून मेधाने तिला लाल दोरा बांधला आहे. अजून ती परत मिळालेली नाही.

मूल्यांविषयी लिहायचं तर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बाईंचा खरेपणा. मध्यंतरी भरडधान्यांची मोठी लाट आली. ज्या नागलीकडे, म्हणजे नाचणीकडे, शहराने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती चकचकीत पाकिटांत दिसू लागली. बाई आयुष्यभर नागली, बाजरी, ज्वारीची बाजू घेत आलेल्या. आम्हाला वाटलं, आता त्यांना धन्य धन्य वाटत असेल. एका रविवारी गंगापूर रोडच्या एक गृहिणी नागलीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांनी तो पुढे केला. बाईंनी चष्मा वर करून पुड्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचला. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं तेल. नागली त्याच्याही पुढे कुठेतरी.

"हे बिस्कीट आहे," बाई म्हणाल्या. "आवडत असेल तर बिस्कीट म्हणून एखादं खा, पण त्याला नागली म्हणून नागलीची बदनामी करू नका."

आणि त्याच वर्गात, कोणीतरी उत्साहाने 'ज्वारी कितीही खाल्ली तरी चालते ना?' असं विचारल्यावर त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, "नाही चालत. ज्वारी औषध नाही, अन्न आहे. चार भाकऱ्या खाल्ल्यात तर ज्वारीही वजन वाढवेल, आणि वाढवावंच तिने." आपल्या लाडक्या पक्षकाराच्या विरुद्धही खरी साक्ष देणारा वकील मी न्यायालयाच्या बातम्या करताना पाहिलेला नाही.

आता व्यक्तिगत. माझे वडील ऐंशीच्या घरात असताना त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली, पण घरी आल्यावर त्यांनी अन्नावरची वासनाच सोडली. आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, चमच्याने भरवलं. ते तोंड फिरवून घेत. मेधाने बाईंना फोन केला. बाई दुपारी रिक्षाने आल्या, सोबत ज्वारीच्या मऊ कण्या आणि ताक. मी एक वाटी पुढे केली, तर म्हणाल्या, "दोन आणा."

त्या वडिलांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "काका, मी सकाळपासून उपाशी आहे," त्यांनी सांगितलं. "आणि मला एकटीला घास उतरत नाही. माझ्यासोबत बसता का थोडं?"

वडील जुन्या वळणाचे. घरी आलेल्या बाईमाणसाने एकटीने जेवावं, हे त्यांना रुचणं शक्य नव्हतं. ते उशीला टेकून बसले. त्यांनी दोन घास घेतले, मग पाच, मग अर्धी वाटी संपवली. बाई गप्पा मारत होत्या त्या बागलाणच्या, तिथल्या बाजरीच्या, आणि अण्णा भाकरीत कशी खोड काढतात त्याच्या. पुढचे बरेच दिवस त्या त्याच वेळेला येत राहिल्या, वडील आपणहून वाटी मागू लागेपर्यंत. वडील त्यानंतर चार-पाच वर्षं उत्तम जगले.

तेव्हा मला वाटलं, एकटीला घास उतरत नाही असं म्हणणं ही बाईंची युक्ती होती. अलीकडे कळलं की ती युक्ती नव्हती.

अण्णा बँकेत होते. ताठ, मितभाषी, आणि भाकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय. 'आज कड जाड आहे', 'आज मीठ विसरलीस', 'काल पापुद्रा जास्त सुटला होता' असे त्यांचे निवाडे रोज दोन्ही वेळा जाहीर होत. बाई वर्गात ते सांगून हसवत. अण्णा गेले. मुलगी हैदराबादला असते, दुपारी न चुकता फोन करते, विचारते, "आई, जेवलीस?" बाई म्हणतात, "जेवले." मुलीला ह्याहून जास्त काय कळणार?

मला कळलं ते ह्या लेखामुळेच. माहिती घ्यायला म्हणून मागच्या महिन्यात मी न कळवता त्यांच्याकडे गेलो. दुपारचे साडेबारा वाजले असतील. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर चहाचा कप आणि बशीत दोन टोस्ट.

"बाई, जेवण?"

"झालं की."

"हे?"

"हा चहा आहे." आणि मग लगेच, त्यांच्या वर्गातल्या आवाजात, "तुम्ही जेवलात का?"

"नाही."

बाई तत्काळ उठल्या. थकवा कुठल्या कुठे गेला. "बसा, भाकरी टाकते. मेथी आहे घरात." त्यांनी फळीवरून पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं, नेहमीच्या सवयीने वास घेतला. आणि थांबल्या. मग झाकण पुन्हा लावून माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "पीठ संपलंय. गिरणीत जाऊन येऊ या."

मी पाहिलं होतं. पीठ अर्धा डबा होतं. त्याला जाळी धरली होती.

ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांहून जास्त ठेवू नका, लागेल तेवढंच दळून आणा, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही म्हणून दाखवू. पिशवीत ज्वारी घेऊन आम्ही गिरणीत गेलो. तिथे बाईंनी गिरणीवाल्याला "दगड तापलाय रे, जरा दम धर, पीठ करपवशील," म्हणून झापलं. गिरणीवाला म्हणाला, "मावशी, लय दिवसांनी आलात." बाई म्हणाल्या, "तू दळ आधी."

घरी येऊन त्यांनी भाकऱ्या थापल्या. टम्म फुगल्या. मेथीची भाजी, मुगाची घट्ट डाळ, कांदा, ठेचा. क्रम त्यांचाच: भाजी आधी, भाकरी शेवटी. मी एक भाकरी खाल्ली. बाईंनी दोन खाल्ल्या. हात धुताना त्या सहज म्हणाल्या, "एकच थापायची असली की हाताला कळतं हो. हात मनावरच घेत नाही. आणि थापलीच, तर खोड काढायलाही कोणी नसतं."

मी म्हटलं, "आज कड जरा जाड होती, बाई."

बाई मनापासून हसल्या. "तुम्हाला काय कळतंय कडेतलं? पोळी लहान झालेली कळायला वर्ष लागलं तुम्हाला."

घरी आल्यावर मी मेधाला सगळं सांगितलं. तिने फार चर्चा केली नाही. पुढच्या मंगळवारी जेवणाच्या वेळेला ती बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, माझी भाकरी थापताना चिरते. एकदा दाखवता का?"

"मेधा, तुझी भाकरी कधीपासून चिरायला लागली?"

"कालपासून."

बाईंनी दाखवलं. दोघी जेवल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी मेधाची भाकरी पुन्हा चिरली. बाई म्हणाल्या, "अजून जमत नाही?" मेधा म्हणाली, "एका दिवसात कुठलं जमायला?" बाईंनी तिच्याकडे बारकाईने पाहिलं, मग परात पुढे ओढली. त्यांना कळलेलं आहे, असं मेधाचं मत आहे. पण परात ओढली, हे महत्त्वाचं.

ह्या ग्रंथाच्या वाचकांमध्ये बाईंच्या शेकडो विद्यार्थिनी आहेत, वर्गातली मंडळी आहेत, दौलतराव आणि इंदूबाई आहेत. समारंभाच्या दिवशी आपण सगळे हार आणि शाली घेऊन जाऊच. पण माझी एक विनंती आहे. त्यानंतरच्या साध्यासुध्या दिवसांत, जेवणाच्या वेळेला, भुकेल्या पोटी बाईंकडे जा. काहीतरी निमित्त न्या. वजन वाढलंय म्हणा, साखर वाढलीय म्हणा, घावन तव्याला चिकटतो म्हणा. बाई स्वतःसाठी तवा तापवत नाहीत, दुसऱ्यासाठी लगेच तापवतात, आणि मग जेवतातही. इतक्या साध्या उपायासाठी आहारशास्त्राची पदवी लागत नाही, एक मोकळी दुपार लागते.

हे छापल्याबद्दल बाई माझ्यावर रागावतील. फोन येईल, तो बागलाणच्या भाषेत येईल, आणि मी तो उभ्याने ऐकेन. पण त्यांनीच शिकवलं आहे की ताटाबद्दल खरं बोलावं.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची हाडं बळकट राहोत, दात भाकरी चावण्याइतके शाबूत राहोत, आणि त्यांच्या ताटासमोर रोज कोणीतरी बसलेलं असो, ही माझी आणि मेधाची प्रार्थना. रविवारी वर्गात त्या आमच्याबरोबर जेवतात, ते मी स्वतः पाहतो. मंगळवारी मेधासोबत जेवतात. उरलेल्या दिवशी त्या जेवतात की नाही, हे मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.